चाचणीवर जा, पण ओपीडीचा दिवस सोडू नका

प्रश्न : मी ३४ वर्षांची डॉक्टर आहे. मेडिसिनमध्ये एमडी केल्यानंतर गेली काही वर्षे मी एचआयव्ही आणि लैंगिक आरोग्याच्या ओपीडीत काम करीत आहे. आमच्याच रुग्णालयात एचआयव्हीचा संसर्ग टाळण्यासाठी दीर्घकाळ परिणाम टिकणाऱ्या इंजेक्शनची चाचणी सुरू होणार असून सब-इन्व्हेस्टिगेटर (मुख्य संशोधकाच्या हाताखालची डॉक्टर) म्हणून पूर्णवेळ येण्याविषयी मला विचारले आहे. करार तीन वर्षांचा आहे आणि त्यासाठी कायम नोकरी सोडावी लागेल. संशोधनाची मला ओढ आहे, परंतु शंकाही आहेत. ज्या रुग्णांनी डॉक्टर म्हणून माझ्यावर विश्वास टाकला त्यांनाच चाचणीत यायला सांगणे मला खटकते. एचआयव्हीतले मोठे प्रश्न सुटले, आता उरलेसुरले काम आहे, असे माझे वरिष्ठ म्हणतात. पीएचडीवाचून या क्षेत्रात कोणी विचारीत नाही, असेही कानावर येते. सर्वांत मोठी भीती ही, की मी फॉर्म भरणारी कारकून होईन आणि डॉक्टर म्हणून असलेला सराव तुटेल. मी काय करावे?
— एक डॉक्टर

उत्तर :

डॉक्टर, निर्णय आधी सांगते आणि कारणे मागाहून. तुम्ही चाचणीवर जावे, पण दोन अटींवर. आठवड्यातून किमान एक दिवस ओपीडीत बसण्याची सोय करारातच लिहून घ्यावी. आणि तुमच्या स्वतःच्या रुग्णांची संमती तुम्ही घेणार नाही, ती दुसरी व्यक्ती घेईल, हे पहिल्याच बैठकीत ठरवून टाकावे. या दोन्ही गोष्टी मान्य होत नसतील तर हे पद तुमच्यासाठी नाही असे समजा. ज्याला ओपीडीतले ऐकता येते अशा संशोधकाची या क्षेत्राला फार गरज आहे, त्यामुळे पुढची संधी येईल.

तुमची पहिली शंका चारही शंकांत सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यावर जास्त वेळ देते. रुग्णाला चाचणीत बोलावताना तुम्हाला खटकते, हे चांगले लक्षण आहे. ज्यांना खटकत नाही त्यांची मला काळजी वाटते. डॉक्टर म्हणून तुमचे कर्तव्य समोर बसलेल्या एका माणसाच्या भल्याशी बांधलेले असते. संशोधक म्हणून मात्र तुम्ही प्रोटोकॉलशी (चाचणीच्या लेखी आराखड्याशी) आणि पुढे येणाऱ्या, अजून ज्यांचा चेहराही पाहिलेला नाही अशा हजारो माणसांशी बांधल्या जाता. बहुतेक दिवस ही दोन कर्तव्ये एकाच दिशेने चालतात, पण काही दिवस चालत नाहीत, आणि त्या दिवशी तुम्ही कोणत्या खुर्चीत बसला आहात हे समोरच्या व्यक्तीला ठाऊक असले पाहिजे. अडचण अशी, की तिला ते सहसा ठाऊक नसते. वर्षानुवर्षे जिच्याकडून आपण औषध घेत आलो त्या डॉक्टरीणबाईंनी आपल्यासाठी हेच इंजेक्शन निवडले आहे, अशी तिची समजूत असते. कोणाला काय मिळणार हे संगणकाने ठरवले आहे आणि त्यात तिच्या प्रकृतीचा विचार झालेलाच नाही, हे संमतीपत्रात छापलेले असूनही मनात उतरत नाही.

संमतीच्या खोलीत काय घडते ते पाहा. संमतीपत्र अनेक पानांचे असते. काउन्सेलर एकेक परिच्छेद वाचून समजावते, मधूनमधून थांबते आणि विचारते, की आता मी जे सांगितले ते तुमच्या शब्दांत सांगाल का. समोरची बाई हसते, पदराशी किंवा पर्सच्या चेनशी चाळा करते आणि म्हणते, “डॉक्टर म्हणतील तसं.” नवख्या माणसाला हे वाक्य होकारासारखे वाटते आणि तो पेन पुढे करतो. अनुभवी काउन्सेलर पेन बाजूला ठेवते, कारण त्या वाक्याचा अर्थ एवढाच असतो, की निर्णय अजून झालेला नाही, तो दुसऱ्या कोणावर तरी सोपवला गेला आहे. अशा वेळी घरी जाऊन विचार करून या, नाही आलात तरी तुमच्या नेहमीच्या उपचारात काहीही फरक पडणार नाही, असे सांगून पाठवायचे असते. प्रत्यक्षात तसा फरक पडणार नाही याची व्यवस्थाही असावी लागते. नेहमीच्या डॉक्टरने संमती घेऊ नये हे मी सांगते ते याच कारणाने. “डॉक्टर म्हणतील तसं” हे वाक्य तुमच्यासमोर सर्वांत जास्त वेळा बोलले जाईल.

प्रतिबंधाच्या चाचणीत आणखी एक पेच असतो. येथे येणारी व्यक्ती आजारी नसते. तिला इंजेक्शन मिळाले म्हणजे आपण सुरक्षित झालो असे वाटले, तर ज्या औषधाचा परिणाम अजून सिद्ध व्हायचा आहे त्याच्या भरवशावर ती धोका पत्करील. म्हणून प्रत्येक भेटीत कंडोम, एचआयव्हीची तपासणी, इतर लैंगिक संसर्गांवर उपचार आणि आधीच सिद्ध झालेली प्रतिबंधक औषधे यांची सोय करावी लागते. आणि गंमत म्हणजे ही सोय जितकी चांगली, तितके संसर्ग कमी होतात आणि नव्या औषधाचा परिणाम मोजणे तितके कठीण होते. तरीही ती सोय कमी करायची नसते. हा हिशेब ज्याला मनापासून पटतो त्यानेच या कामात यावे.

या क्षेत्राच्या स्मृतीत काही जखमा आहेत, त्याही तुम्हाला माहीत असाव्यात. अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना केवळ निरीक्षणाखाली ठेवले गेले आणि पेनिसिलिन सर्रास उपलब्ध झाल्यानंतरही ते त्यांना दिले गेले नाही. हे काम सरकारी आरोग्य सेवेने केले होते आणि त्यात डॉक्टरच होते. एचआयव्हीबाधित गर्भवतीला एझेडटी हे औषध दिल्यास बाळाला होणारा संसर्ग २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर येतो, हे १९९४मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवले. त्यानंतरही गरीब देशांत औषधाच्या छोट्या मात्रेची तुलना प्लासिबोशी (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीशी) करणाऱ्या चाचण्या झाल्या, आणि १९९७मध्ये त्यावरून जो वाद पेटला त्याचे पडसाद आजच्या नियमांत आहेत. कंबोडियात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांवर टेनोफोव्हिर या एचआयव्हीविरोधी औषधाची प्रतिबंधक चाचणी होणार होती. चाचणीमुळे काही इजा झाली तर पुढची वर्षे आमच्याकडे कोण पाहणार, असा साधा प्रश्न त्यांच्या संघटनेने विचारला आणि २००४मध्ये ती चाचणी सुरू होण्याआधीच सरकारने रद्द केली. तेव्हा अनेक संशोधकांनी त्या स्त्रियांना दोष दिला. माझ्या मते त्यांचा प्रश्न बरोबर होता आणि तो विचारण्याची वेळ त्यांच्यावर यायला नको होती. त्यानंतरच, २००७मध्ये, समाजाला सोबत घेऊन चाचणी कशी करावी याची मार्गदर्शक तत्त्वे यूएनएड्स (संयुक्त राष्ट्रांचा एड्सविषयक कार्यक्रम) आणि प्रतिबंधासाठी काम करणारी संस्था अ‍ॅव्हॅक यांनी प्रसिद्ध केली. तुमच्या केंद्रावर समाज सल्लागार मंडळ असेल. त्याच्या बैठकीला हजेरीपुरते जाऊ नका. प्रोटोकॉलमधला कोणता भाग माणसांना चालणार नाही हे तिथे सर्वांत आधी कळते.

आता तुमच्या वरिष्ठांचे म्हणणे. मोठे प्रश्न सुटले, हे अर्धे खरे आहे आणि त्या अर्ध्याचा आपल्याला अभिमान असावा. एचपीटीएन ०५२ या, भारतासह नऊ देशांत झालेल्या, १७६३ जोडप्यांच्या अभ्यासाने २०११मध्ये दाखवले, की बाधित जोडीदाराला लवकर औषध सुरू केल्यास दुसऱ्याला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो. स्टार्ट चाचणीने २०१५मध्ये, औषध सुरू करण्यासाठी सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) घसरण्याची वाट पाहणे संपवले. पार्टनर अभ्यासांत औषधाने व्हायरल लोड (रक्तातले विषाणूंचे प्रमाण) दबलेल्या जोडीदाराकडून एकही संसर्ग झालेला आढळला नाही. परंतु यूएनएड्सच्या आकड्यांप्रमाणे २०२४च्या अखेरीस जगात ४ कोटी ८ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते, त्या एका वर्षात सुमारे १३ लाख लोकांना नव्याने संसर्ग झाला, सुमारे ६ लाख ३० हजार लोक एड्सशी संबंधित कारणांनी गेले आणि ९२ लाख लोकांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. औषध काम करते हे सिद्ध होणे आणि ते माणसाच्या आयुष्यात काम करणे, यांच्यामधल्या अंतरात हे सारे आकडे बसतात, आणि ते अंतर प्रयोगशाळेपेक्षा ओपीडीतून जास्त स्पष्ट दिसते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे व्हॉइस ही चाचणी. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिंबाब्वे येथील ५०२९ स्त्रियांना रोज गोळी किंवा योनीत लावायचे जेल देऊन संसर्ग टळतो का हे त्यात पाहिले गेले. गोळ्या नियमित घेता का, असे विचारल्यावर उत्तरे सुमारे नव्वद टक्के होकाराची होती आणि परत आणलेल्या बाटल्यांतल्या गोळ्यांची मोजणीही तेच सांगत होती. पुढे साठवलेल्या रक्ताच्या नमुन्यांत औषध शोधले, तेव्हा ते जेमतेम २५ ते ३० टक्के नमुन्यांत सापडले. चाचणीचा निष्कर्ष “परिणाम नाही” असा आला, पण जे औषध पोटात गेलेच नाही त्याचा परिणाम मोजला कसा जाणार? गोळ्या मोजण्याची पद्धत तुम्ही पाहिलीच असेल : ट्रेवर बाटली रिकामी करायची, पट्टीने पाच-पाचचे गट सरकवायचे, उरलेल्या गोळ्यांचा आकडा लिहून पुढे सही करायची. आकडा अचूक असतो. ट्रेपर्यंत पोहोचण्याआधी किती गोळ्या कचऱ्यात गेल्या हे मात्र त्या ट्रेवर दिसत नाही.

त्या स्त्रिया खोटे का बोलल्या, असे विचारणारे संशोधक पुष्कळ भेटतात. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. बाटली घरात सापडली तर ही बाधित आहे असे घरचे समजतील, ही भीती. निरोगी माणसाने बाधितांचे औषध का घ्यावे, हा संभ्रम. आणि प्रेमाने वागणाऱ्या, प्रवासखर्च देणाऱ्या, तपासण्या फुकट करणाऱ्या केंद्राला नाराज न करण्याची इच्छा — ही कारणे नंतरच्या मुलाखतींतून पुढे आली. तुमच्यासारखी ओपीडीत मुरलेली डॉक्टर या गोष्टी पहिल्या महिन्यात ओळखते. “सगळ्या घेतल्या हो” असे फार पटकन आलेले उत्तर आणि थोडा विचार करून आलेले “एक-दोनदा राहिली असेल” यांतला फरक तुमचा कान टिपतो, आणि त्यावर पुढचा प्रश्न कसा विचारावा, न ओरडता आणि न भुलता, हेही तुम्हाला येते. हे कौशल्य कोणत्याही सांख्यिकीच्या अभ्यासक्रमात शिकवले जात नाही. हाच धडा पुढेही दिसला. संभोगानंतर ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक २०० मिलिग्रॅम घेतल्यास सिफिलिस आणि क्लॅमिडिया यांचे प्रमाण समलिंगी पुरुषांत आणि ट्रान्स स्त्रियांत मोठ्या प्रमाणात घटले, परंतु केनियातल्या तरुण स्त्रियांच्या चाचणीत फरक दिसला नाही. केसांचे नमुने तपासले तर बहुतेक नमुन्यांत औषध सापडलेच नाही.

ज्या प्रकारच्या इंजेक्शनच्या चाचणीवर तुम्हाला बोलावले आहे, त्याची मुळे याच अनुभवात आहेत. रोजची गोळी ज्यांना जमत नाही त्यांना दोष देण्याऐवजी औषधाचे रूप बदलावे, असा विचार झाला आणि २०२४मध्ये पर्पज १ या चाचणीत वर्षातून दोनदा लेनाकापाविरचे इंजेक्शन घेणाऱ्या २१३४ मुली आणि तरुण स्त्रियांपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. त्याच चाचणीत रोजच्या गोळीच्या दोन्ही गटांत संसर्ग झाले, कारण गोळ्या नियमित घेतल्या गेल्या नव्हत्या. म्हणजे २०१५च्या सुमारास जे अपयश म्हणून प्रसिद्ध झाले, ते नीट ऐकणाऱ्यांनी पुढच्या यशाचा आराखडा म्हणून वापरले. आता या इंजेक्शनचे पुढचे प्रश्न आहेत : ते मध्येच सोडणाऱ्यांच्या शरीरात औषध कित्येक महिने कमी प्रमाणात रेंगाळते त्याचे काय, इंजेक्शन चालू असताना संसर्ग झालाच तर नेहमीच्या तपासणीत तो उशिरा दिसतो त्याचे काय, आणि भेटीची तारीख चुकलेल्या माणसाला परत कसे आणायचे. हे उरलेसुरले काम आहे असे ज्यांना वाटते त्यांनी एक आठवडा तुमच्या ओपीडीत बसावे.

केवळ चाचण्या म्हणजे संशोधन, असेही समजू नका. बोत्स्वानामध्ये त्सेपामो नावाचा अभ्यास चालू होता, त्यात प्रसूतिगृहातल्या परिचारिका प्रत्येक नवजात बाळाची वरवरची तपासणी करून नोंद ठेवत. मे २०१८मध्ये त्या नोंदींतून असे दिसले, की गर्भधारणेच्या वेळी डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीवरचे औषध घेत असलेल्या मातांच्या ४२६ बाळांपैकी चौघांत मज्जारज्जूचे जन्मजात व्यंग होते, म्हणजे ०.९४ टक्के, जे अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त होते. जगभर इशारे गेले आणि अनेक ठिकाणी मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ते चांगले औषध नाकारले गेले किंवा गर्भनिरोधकाच्या अटीवर दिले गेले. नोंदी चालूच राहिल्या. २०२०पर्यंत बाळांची संख्या ३५९१ झाली, व्यंग असलेली सात निघाली, प्रमाण ०.१९ टक्क्यांवर आले आणि धोक्याचा इशारा विरून गेला. इशारा देणे योग्य होते असे मी म्हणेन. पण स्त्रियांना सरसकट औषध नाकारणे योग्य नव्हते, आणि गर्भवतींना चाचण्यांतून वर्षानुवर्षे वगळले नसते तर एवढ्या उशिरा, एवढ्या थोड्या आकड्यांवर निर्णय घेण्याची वेळ आली नसती. पर्पज १मध्ये गर्भ राहिलेल्या स्त्रियांना इच्छा असल्यास चाचणीत राहू दिले गेले, हा त्या अनुभवाचाच परिणाम आहे. तुमच्या प्रोटोकॉलमध्ये गर्भधारणा झाल्यावर काय करायचे लिहिले आहे ते पान आधी वाचा.

लैंगिक आरोग्याचा बाकीचा भाग तर आणखी मोकळा पडला आहे. बऱ्या होऊ शकणाऱ्या चार लैंगिक संसर्गांच्या ३७ कोटींहून अधिक नव्या घटना २०२०मध्ये झाल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. गोनोऱ्हियाच्या जंतूने एकामागून एक औषधे निकामी केली आहेत. गर्भवतीतील सिफिलिसवर भरवशाचे औषध आजही बेन्झाथीन पेनिसिलिन हे एकच आहे. एचआयव्हीच्या नावावर निधी मिळतो आणि यांच्या नावावर मिळत नाही. तुम्हाला स्वतःचा प्रश्न शोधायचा असेल तर मी या बाजूला पाहीन. तिथे गर्दी कमी आहे. सहकारी नाक मुरडतील, कारण कार्डिओलॉजीसारखा मान या शाखेला नाही. त्याची सवय तुम्हाला एव्हाना झालीच असेल.

पीएचडीविषयी थोडक्यात सांगते. आज ती लागत नाही. जैवसांख्यिकी आणि रोगपरिस्थितिविज्ञान यांचा पायाभूत अभ्यास लागतो, तो नोकरी सांभाळून करता येतो. दोन वर्षांनी तुमच्या मनात असा प्रश्न तयार झाला, की ज्याचे उत्तर शोधायला तीन-चार वर्षे द्यावीत असे वाटेल, तर पीएचडी करा. प्रश्न नसताना केवळ पदवीसाठी केली तर ती पूर्ण होते आणि कामाला येत नाही.

कारकुनीची भीती मात्र नुसती हसून उडवणार नाही, कारण कारकुनी खरोखरच आहे. चूक झाली तर पांढरी शाई लावता येत नाही. जुना आकडा दिसेल अशी एकच रेघ मारायची, बाजूला नवा आकडा, आद्याक्षरे आणि तारीख. कोणाला कोणते काम सोपवले त्याची यादी, गंभीर घटना कळल्यापासून सहसा २४ तासांत स्पॉन्सरला (चाचणी पुरस्कृत करणाऱ्या संस्थेला) कळवणे, मॉनिटरने (नोंदी तपासणाऱ्या प्रतिनिधीने) काढलेल्या शंभर शंकांना उत्तरे देणे, सहभागी रुग्णालयात दाखल झाला तर तिथून कागद मिळवण्यासाठी खेटे घालणे, यांत दिवस जातात. सब-इन्व्हेस्टिगेटरच्या वाट्याला यातले बरेच येते, आणि ज्याला याचा मनापासून कंटाळा आहे त्याने न येणे बरे.

पण या कागदांतून काय निघते तेही पाहा. स्मार्ट चाचणीत ५४७२ जण होते. सीडी४ चांगले असताना औषध थांबवावे आणि घसरले की पुन्हा सुरू करावे, म्हणजे दुष्परिणाम आणि खर्च दोन्ही वाचतील, ही कल्पना डॉक्टरांना आणि रुग्णांनाही आवडलेली होती. औषधाला कंटाळलेल्या माणसाला सुट्टी देणे हे दयेचे काम वाटत होते. जानेवारी २००६मध्ये सुरक्षा समितीने आकडे पाहिले, तेव्हा औषध थांबवणाऱ्या गटात मृत्यू आणि आजार जास्त निघाले, आणि नोंदणी थांबवून सर्वांना औषध पुन्हा सुरू करण्याचा सल्ला दिला गेला. धक्कादायक भाग असा, की ते केवळ एड्सचे आजार नव्हते. हृदय, मूत्रपिंड आणि यकृत यांचे आजारही जास्त होते. एचआयव्हीच्या चाचणीत छातीत दुखल्याचा कागद कशाला हवा, असे म्हणून कोणी तो फॉर्म रिकामा सोडला असता तर हे कळलेच नसते. त्यातून एचआयव्ही असलेल्यांच्या हृदयविकाराकडे नव्याने पाहिले गेले, आणि २०२३मध्ये रिप्रीव्ह या ७७६९ जणांच्या चाचणीने दाखवले, की पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध घेतल्याने त्यांच्यातील हृदयविकाराच्या मोठ्या घटना सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होतात. तुमच्या ओपीडीत पन्नाशी ओलांडलेले जे रुग्ण आज आहेत, त्यांच्या केसपेपरवर स्टॅटिन लिहिले जाते ते अशा फॉर्ममुळे.

एका स्वभावदोषाविषयी सावध करते. चांगल्या डॉक्टरांना आपल्या रुग्णांसाठी औषध लागू पडावे असे मनापासून वाटते, आणि संशोधनात हीच इच्छा अडचणीची ठरते. कॅप्रिसा ००४ या दक्षिण आफ्रिकेतील चाचणीत टेनोफोव्हिर जेलने ३९ टक्के संसर्ग टळल्याचे २०१०मध्ये जाहीर झाले, तेव्हा सभागृहात लोक उभे राहिले होते. स्त्रीच्या हातात असलेले, जोडीदाराला न विचारता वापरता येणारे साधन अखेर मिळाले, असे वाटले. २०१५मध्ये फॅक्ट्स ००१ या मोठ्या चाचणीत तो परिणाम दिसला नाही. ज्या संशोधकांनी पहिला निकाल मिळवला होता त्यांनी दुसरी चाचणी नाकारली नाही, ते पुढच्या प्रश्नाकडे गेले. तुम्हाला अशी बातमी तुमच्या सहभागींना सांगावी लागेल. ते तुम्हाला विचारतील, की मग आम्ही इतके दिवस कशासाठी आलो, आणि त्याचे खरे उत्तर देण्याची तयारी हवी.

आता कराराचे व्यावहारिक बोलू. कायम नोकरी सोडण्याऐवजी बिनपगारी रजा किंवा प्रतिनियुक्ती मिळते का, हे आधी लेखी विचारा. संस्था तोंडी “बघू” म्हणते ते धरून चालू नका. निधी कोणाचा आहे आणि तो मध्येच थांबला तर काय, हा प्रश्न पूर्वी उद्धट वाटला असता, आज वाटणार नाही. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकी सरकारने परदेशी मदत अचानक थांबवली, तेव्हा त्या पैशावर चालणाऱ्या चाचण्या अर्ध्यावर थांबल्या आणि कर्मचाऱ्यांबरोबर सहभागीही वाऱ्यावर राहिले. म्हणून तुमच्या पगाराइतकाच आग्रह सहभागींविषयी धरा : चाचणी वेळेआधी बंद झाली तर त्यांच्या शेवटच्या भेटी, तपासण्या आणि आधीच दिलेल्या इंजेक्शनचा परिणाम ओसरेपर्यंतचे संरक्षण यांचा खर्च कोण करणार, आणि औषध यशस्वी ठरले तर ते त्यांना पुढे मिळणार का.

लेखकांच्या यादीविषयीही पहिल्याच दिवशी बोलून घ्या. मोठ्या चाचणीच्या मुख्य लेखात केंद्रावरच्या सब-इन्व्हेस्टिगेटरचे नाव बहुधा परिशिष्टात जाते आणि त्यात अन्याय नाही. पण त्या चाचणीला जोडून एखादा छोटा, तुमचा स्वतःचा अभ्यास करण्याची मुभा असावी. तुमच्या केंद्रावरच्या सहभागींनी भेटी का चुकवल्या, एवढा प्रश्नही पहिल्या लेखासाठी पुरेसा आहे. पुढे तुम्हाला स्वतः प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर (मुख्य संशोधक) व्हायचे असेल तर अर्ज वाचणारे पहिल्यांदा तोच लेख पाहतील.

मार्गदर्शक निवडताना त्यांचे लेख मोजू नका. त्यांच्या केंद्रावरची को-ऑर्डिनेटर आणि काउन्सेलर किती वर्षे टिकून आहेत ते विचारा. दर सहा महिन्यांनी माणसे बदलत असतील तर सहभागीही टिकत नाहीत, आणि त्या केंद्राच्या आकड्यांवर फार विसंबू नये.

या महिन्यात एवढे करा. प्रोटोकॉल आणि संमतीपत्र मागवून घ्या आणि संमतीपत्र तुमच्या ओपीडीतल्या परिचारिकेला वाचायला देऊन तिला काय समजले ते ऐका. प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटरना भेटून ओपीडीचा दिवस, संमती कोण घेणार, चाचणी थांबल्यास सहभागींचे काय आणि स्वतःचा अभ्यास, हे चार मुद्दे मांडा आणि उत्तरे ईमेलवर मागा. पहिल्या दोन मुद्द्यांबाबत वर सांगितलेच आहे. चौथ्यावर घासाघीस चालेल. तिसऱ्याला मात्र “तेव्हाचे तेव्हा पाहू” असे उत्तर आले, तर राजीनामा देऊ नका आणि नकार कळवताना त्याचे कारणही लिहा. नैतिकता समितीलाही ते वाचायला मिळू द्या.